हेडलीच्या कबुलीची किंमत

१८ मार्च २०१० रोजी शिकागोच्या संघराज्य न्यायालयात डेव्हिड कोलमन हेडलीने आपल्यावरचे बाराही आरोप कबूल केले. बदल्यात अमेरिकी सरकारने त्याला दोन गोष्टी लिहून दिल्या. त्याच्यासाठी मृत्युदंड मागितला जाणार नाही, आणि ज्या गुन्ह्यांची तो कबुली देतो आहे त्यांसाठी त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या हवाली केले जाणार नाही. मुंबईत १६६ जणांचा जीव घेणाऱ्या हल्ल्याआधी ताज, ओबेरॉय, छत्रपती शिवाजी टर्मिनस, नरिमन हाऊस या जागांची टेहळणी करून चित्रफिती लष्कर-ए-तैयबाला पुरवणारा हाच माणूस. भारतीय वृत्तपत्रांत या कराराची बातमी संतापासकट आली आणि तो संताप आजही पुरता ओसरलेला नाही. १० एप्रिल २०२५ रोजी हेडलीचा जुना मित्र तहव्वूर राणा दिल्लीत आणला गेला, तेव्हा बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न हाच आला की राणा येऊ शकतो, तर हेडली का नाही.

या करारावरची टीका वाचताना जाणवते, की तिच्यात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळून गेले आहेत. गुन्ह्याच्या मानाने शिक्षा पुरेशी होती का, हा एक. ज्या देशात माणसे मारली गेली त्या देशाचा हक्क त्याला न विचारता सोडून दिला गेला का, हा दुसरा. आणि अमेरिकी यंत्रणांचे हेडलीशी असलेले जुने संबंध झाकण्यासाठी खटला टाळला गेला का, हा तिसरा. कराराच्या समर्थकांनी बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दिले आणि टीकाकारांनी बहुधा तिसऱ्यावर जोर दिला, त्यामुळे वाद पुढे सरकला नाही. पहिल्या प्रश्नावर कराराची बाजू वाटते त्याहून पुष्कळ भक्कम आहे. दुसऱ्यावर ती कमकुवत आहे, आणि २०२४ नंतर अधिकच कमकुवत झाली आहे. तिसरा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर या करारात शोधून सापडणार नाही.

करार कोणाशी झाला

हेडलीचा जन्म १९६० साली वॉशिंग्टनमध्ये दाऊद गिलानी या नावाने झाला. वडील पाकिस्तानी प्रसारक, आई अमेरिकी. बालपण पाकिस्तानात गेले, शिक्षण हसन अब्दालच्या कॅडेट कॉलेजात झाले आणि तारुण्यात तो आईकडे फिलाडेल्फियाला परतला. १९८८ मध्ये हेरॉइनसह तो फ्रँकफर्टला पकडला गेला. तपास यंत्रणेला त्याने लगेच मदत केली आणि चार वर्षांच्या शिक्षेवर सुटला. १९९७ मध्ये पुन्हा हेरॉइनच्याच प्रकरणात अटक झाली. या वेळी तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा, म्हणजे डीईएचा, खबऱ्या बनला आणि शिक्षा पंधरा महिन्यांवर आली. २००२ पासून तो लष्करच्या छावण्यांत प्रशिक्षण घेऊ लागला. २००६ मध्ये त्याने नाव बदलून आईचे आडनाव घेतले, म्हणजे पासपोर्टवर संशय यावा असे काही उरले नाही. ताडदेवला राणाच्या इमिग्रेशन कंपनीच्या नावाने त्याने कार्यालय थाटले आणि २००६ ते २००८ या काळात पाच वेळा मुंबईत येऊन शहर नीट पाहून घेतले. एप्रिल २००८ मध्ये बोटीतून फिरून हल्लेखोरांनी कुठे उतरावे याच्या जागा त्याने जीपीएस यंत्रात नोंदवल्या. हल्ल्यानंतरही तो थांबला नाही. मार्च २००९ मध्ये पुन्हा भारतात येऊन त्याने दिल्लीतले नॅशनल डिफेन्स कॉलेज आणि पुण्यासह निरनिराळ्या शहरांतली छाबाड हाऊस ही ज्यू केंद्रे पाहिली. प्रेषितांची व्यंगचित्रे छापणाऱ्या डॅनिश वृत्तपत्रावर हल्ल्याची तयारी तर दुसरीकडे सुरूच होती. ३ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर तो पकडला गेला.

हा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण टीकेचा सर्वांत धारदार मुद्दा त्यातच दडलेला आहे. मार्च २०१० चा करार हा या माणसाने अमेरिकी सरकारशी केलेला पहिला सौदा नव्हता. पकडले गेले की भराभर बोलायचे आणि वजनदार माहिती देऊन शिक्षा कमी करून घ्यायची, हे त्याला दोनदा साधले होते. महाराष्ट्रात ही बातमी आली तो क्षणही लक्षात घ्यायला हवा. जेमतेम महिन्यापूर्वी, १३ फेब्रुवारीला, पुण्याच्या जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटाने १७ बळी घेतले होते आणि ती बेकरी कोरेगाव पार्कच्या छाबाड हाऊसजवळ होती. त्या स्फोटातला हेडलीचा सहभाग कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही. पण त्याच परिसरात वर्षभरापूर्वी फिरून गेलेल्या माणसाला फाशीतून सूट मिळते, हे तेव्हाच्या वाचकाला कसे दिसले असेल, हे सांगायला नको.

दोन न्यायपरंपरा

या वादातला बराचसा क्षोभ दोन देशांच्या कायद्यांतल्या अंतरातून आला. अमेरिकेत आरोपी आणि सरकारी वकील यांच्यातला समझोता, म्हणजे प्ली बार्गेनिंग, हा अपवाद नाही. संघराज्य न्यायालयांतल्या दोषसिद्धींपैकी नव्वद टक्क्यांहून कितीतरी अधिक अशा कबुलीतूनच येतात. १९७० च्या ब्रॅडी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंडाच्या भीतीने दिलेली कबुलीही केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, असे मानले. त्यामुळे शिकागोच्या वकिलांच्या दृष्टीने हेडलीचा करार आकाराने मोठा, पण जातीने नेहमीचा होता.

भारतात नेमके उलट. १९७६ च्या मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या अन्नभेसळीच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा समझोत्यांवर कडक ताशेरे ओढले आणि १९८० मध्ये कासमभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाविरोधी ठरवले. पुढे विधी आयोगाचे १४२ आणि १५४ क्रमांकाचे अहवाल आले, मळीमठ समितीची शिफारस आली, आणि २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत प्रकरण २१-अ दाखल झाले. ५ जुलै २००६ पासून ते लागू झाले आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पण त्याची मर्यादा स्पष्ट आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. खुनाच्या आरोपावर वाटाघाट ही कल्पनाच आपल्या कायद्यात बसत नाही. २० जुलै २००९ रोजी हल्ल्यात जिवंत पकडल्या गेलेल्या अजमल कसाबने अचानक भर न्यायालयात कबुली दिली, तेव्हा काय झाले ते पाहावे. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी ती कबुली अर्धवट असल्याचे म्हटले, न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी ती नोंदवून घेतली आणि खटला पुढे चालू ठेवला. जो खटला संपवून टाकायला शिकागोत कबुली पुरेशी ठरली असती, तो मुंबईत पुरावा तपासत शेवटपर्यंत चालला.

मात्र भारतीय कायद्यात देवाणघेवाणच नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आपल्याकडे सौद्याची जागा माफीचा साक्षीदार घेतो. कटात सामील असलेल्याने संपूर्ण आणि सत्य हकीकत सांगावी, बदल्यात त्याला माफी मिळावी, ही तरतूद जुनी आहे आणि ती खुनालाही लागू होते. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे हा असाच साक्षीदार होता. त्याची साक्ष न्यायाधीश आत्माचरण यांना विश्वसनीय वाटली, तरीही विनायक दामोदर सावरकरांच्या बाबतीत तिला स्वतंत्र पुष्टी मिळाली नाही म्हणून त्यांची सुटका झाली. म्हणजे कटातल्या साथीदाराचे बोलणे घ्यायचे, पण एकट्या त्याच्या भरवशावर दुसऱ्याला दोषी ठरवायचे नाही, हा विवेक इथल्या न्यायालयांनी फार पूर्वीपासून जपला आहे. हेडलीच्या साक्षीचे मोल ठरवतानाही हीच कसोटी लावायला हवी.

वृत्तपत्रांचे आक्षेप

भारतीय वृत्तपत्रांचा पहिला आक्षेप शिक्षेवर होता. कसाबसारख्या बंदूकधाऱ्याला फाशी आणि ज्याने नकाशा आखला त्याला जीवदान, ही विसंगती कोणालाही टोचणारी आहे. २४ जानेवारी २०१३ रोजी न्यायाधीश हॅरी लायननवेबर यांनी हेडलीला ३५ वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा कसाबला येरवड्यात फाशी होऊन जेमतेम दोन महिने उलटले होते. खटला इथे चालला असता तर याहून कठोर शिक्षा मागितली असती, असे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद म्हणाले. ओबेरॉयमध्ये गोळी लागून वाचलेल्या एका अमेरिकी महिलेने शिक्षेच्या सुनावणीत आपली यातना न्यायालयाला ऐकवली. म्हणजे ही तक्रार केवळ भारतीयांचीच होती, असे नाही.

दुसरा आक्षेप अमेरिकेतल्याच शोधपत्रकारितेतून पुढे आला. ऑक्टोबर २०१० मध्ये प्रोपब्लिकाच्या सेबॅस्टियन रोटेला यांनी दाखवून दिले, की हेडलीच्या एका पत्नीने २००५ मध्येच त्याच्या लष्करशी असलेल्या संबंधांची माहिती अमेरिकी तपास यंत्रणांना दिली होती, आणि हल्ल्याच्या काही महिने आधी दुसऱ्या पत्नीने इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन इशारा दिला होता. पुढच्या वर्षी अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या फ्रंटलाइन या मालिकेने हेडलीवर ‘ए परफेक्ट टेररिस्ट’ हा माहितीपट काढला. डीईएचा माजी खबऱ्या, दुर्लक्षित इशारे आणि मग खटल्याऐवजी करार, अशी साखळी जुळली आणि हेडली दुहेरी हेर असावा हा संशय आपल्याकडे जवळजवळ वस्तुस्थिती म्हणून छापला जाऊ लागला. तेव्हाचे केंद्रीय गृहसचिव जी. के. पिल्लई यांनीही अमेरिकेने माहिती वेळेवर दिली नसल्याची नाराजी उघडपणे मांडली.

तिसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा. भारताला विश्वासात न घेता अमेरिकेने परस्पर भारताचा आरोपी स्वतःकडे ठेवला, असे बहुतेक संपादकीयांचे म्हणणे होते. या चित्रात विकिलीक्सने नंतर एक अस्वस्थ करणारी रेघ ओढली. तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन आणि अमेरिकी राजदूत टिमथी रोमर यांच्यातल्या संभाषणाच्या नोंदीतून असे दिसले, की प्रत्यार्पणाची मागणी सोडून दिल्याचे दिसणे भारत सरकारला परवडणारे नव्हते, पण तातडीने ती लावून धरण्याचाही आग्रह नव्हता. ही नोंद एका बाजूच्या मुत्सद्द्याने लिहिलेली आहे, म्हणून तिच्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरीही दिल्ली अंधारात होती आणि वॉशिंग्टनने डाव साधला, हे सरळ चित्र तिने बरेच गुंतागुंतीचे केले.

समर्थकांचे म्हणणे

कराराचे सर्वांत सविस्तर समर्थन शिकागोचे तेव्हाचे संघराज्य वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांनी केले. पद सोडल्यानंतरही शिक्षेच्या सुनावणीला येऊन त्यांनी न्यायालयापुढे ही बाजू मांडली. अटक होताच हेडली बोलू लागला, त्याने दिलेली माहिती मोलाची ठरली, आणि गुन्हा भीषण असला तरी या सहकार्याची दखल घ्यावीच लागेल, असा त्यांचा रोख होता. तेव्हाचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी तर कबुलीच्याच दिवशी हा करार नागरी न्यायव्यवस्थेच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून पुढे केला. त्यामागे वेगळा वाद होता. दहशतवादाचे आरोपी साध्या न्यायालयात आणावेत की लष्करी आयोगापुढे, यावर अमेरिकेत तेव्हा कडाक्याचे भांडण चालू होते. मुंबईचे दुःख तिथल्या अंतर्गत वादात दाखला म्हणून वापरले गेले, हे भारतीय वाचकाला खटकणे स्वाभाविक आहे. पण दाखला देणाऱ्याचा हेतू काही असो, दाखला खरा आहे का हे वेगळे तपासावे लागते.

सरकारी वकिलांनी ३० ते ३५ वर्षांची मागणी केली होती. न्यायाधीशांनी तिचे वरचे टोक स्वीकारले आणि हा माणूस बदलला आहे यावर आपला विश्वास नाही, असेही सांगितले. संघराज्य तुरुंगात चांगल्या वर्तणुकीची सूट साधारण पंधरा टक्के असते. त्या हिशेबाने अटकेपासून जवळजवळ तीस वर्षे, म्हणजे २०३९ च्या सुमारापर्यंत, तो आत राहील. तेव्हा त्याचे वय ७९ च्या आसपास असेल.

सौद्यात मिळाले काय

एक आक्षेप इतका तर्कशुद्ध आहे, की समर्थकांनी त्याला थेट भिडायला हवे होते. हेडली अटकेच्या दिवसापासून बोलतच होता. कोणताही करार होण्याआधी त्याने तपास यंत्रणेला आठवडेच्या आठवडे माहिती दिली होती. मग मार्च २०१० मध्ये विकत काय घेतले? याचे उत्तर चौकशीतले बोलणे आणि न्यायालयातली साक्ष यांतल्या फरकात आहे. अधिकाऱ्यांपुढे बोलणारा माणूस न्यायालयात गप्प बसू शकतो. स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, अमेरिकेतही नाही आणि भारतातही नाही. इतरांविरुद्ध शपथेवर, उलटतपासणीला सामोरे जात, वर्षानुवर्षे साक्ष देण्याचे बंधन करारातूनच आले. त्यात परदेशी न्यायालयांसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष देण्याचे कलमही होते, आणि भारताच्या दृष्टीने ते सर्वांत मोलाचे ठरले.

पहिला हप्ता लगेच मिळाला. जून २०१० मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या पथकाने शिकागोत सात दिवस त्याची चौकशी केली. प्रश्नांवर कोणतेही बंधन नव्हते, असे अमेरिकी न्याय खात्याने जाहीर केले. दुसरे फळ एप्रिल २०११ मधले. लष्करचा साजिद मीर आणि मेजर इक्बाल या नावाने ओळखला जाणारा अधिकारी यांच्यासह आणखी काही जणांवर शिकागोत आरोपपत्र आले. पाकिस्तानी गुप्तहेर संस्थेशी, म्हणजे आयएसआयशी, जोडलेला माणूस अमेरिकी न्यायालयाच्या दप्तरात आरोपी म्हणून येणे, ही गोष्ट भारताने कितीही कागद सुपूर्द केले तरी एरवी घडली नसती. तिसरे फळ राणाच्या खटल्यात मिळाले. मे २०११ मध्ये हेडली उघड न्यायालयात पाच दिवस बोलला, आणि हल्ल्याची आखणी, पैसा, हस्तक यांची साखळी वार्ताहरांसमोर खुली झाली. खटला टाळून सत्य गाडले, या आक्षेपाला इथे तडा जातो. लष्कर आणि आयएसआय यांच्याबाबतचे पुष्कळसे सत्य त्याच करारामुळे बाहेर आले.

पण याच खटल्यात सौद्याची मर्यादाही उघडी पडली. राणाच्या वकिलांनी हेडलीला सराईत लबाड ठरवण्यावर सारा भर दिला, आणि त्याचा पूर्वेतिहास पाहता त्यांना फार कष्ट पडले नाहीत. ९ जून २०११ रोजी ज्युरीने राणाला डेन्मार्कच्या कटात आणि लष्करला मदत केल्याबद्दल दोषी धरले, पण मुंबईच्या कटातून मुक्त केले. जो जितका खोल गुंतलेला, त्याच्याकडे विकायला तितके अधिक, आणि त्याच्या शब्दावर विश्वास मात्र तितकाच कमी. कटातल्या साक्षीदाराची ही जुनी अडचण आहे आणि करार कितीही कुशलतेने लिहिला तरी ती जात नाही. समर्थक म्हणतात की हेडलीचे ई-मेल आणि गुप्तपणे ध्वनिमुद्रित झालेली संभाषणे त्याला पुष्टी देतात. डेन्मार्कबाबत ते ज्युरीला पटले, मुंबईबाबत नाही.

फाशीच्या मुद्द्यावरही थोडे थांबायला हवे. करार झाला नसता तर हेडलीला अमेरिकेत फाशी झालीच असती, हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. ११ सप्टेंबरच्या कटात झकारियास मुसावीने कोणत्याही सौद्याविना कबुली दिली होती आणि सरकारने फाशीसाठी सारा जोर लावला होता. तरीही २००६ मध्ये ज्युरीने त्याला जन्मठेपच दिली. म्हणून माझ्या मते करारात सोडून दिलेली फाशी ही हाती असलेली गोष्ट नव्हती, केवळ शक्यता होती. तिच्या बदल्यात मिळालेली शपथेवरची साक्ष मात्र प्रत्यक्ष होती. जन्मठेपेऐवजी ३५ वर्षे का, हा प्रश्न तरीही उरतो. त्याला दिलेले उत्तर एवढेच, की पुढच्या हेडलीला बोलावेसे वाटले पाहिजे. हे उत्तर व्यवहार्य आहे. ज्यांची माणसे गेली त्यांना ते कोरडे वाटणारच, आणि त्यात त्यांची चूक नाही.

हवाली न करण्याचे कलम

दुसऱ्या प्रश्नावर समर्थन डळमळते. भारत आणि अमेरिका यांच्यात १९९७ मध्ये झालेल्या प्रत्यार्पण कराराच्या सहाव्या कलमानुसार, ज्या गुन्ह्यासाठी एका देशात दोषसिद्धी किंवा सुटका झाली आहे, त्याच गुन्ह्यासाठी त्या व्यक्तीला दुसऱ्या देशाच्या हवाली करता येत नाही. हेडलीच्या करारात याच कलमाचा आधार घेतला होता. समर्थकांचे म्हणणे असे, की अमेरिकी नागरिकांच्या खुनासाठी त्याला अमेरिकेने आधी उभे केलेच असते, आणि शिक्षेनंतर सहावे कलम आपोआप आड आले असते. म्हणजे करारात भारताचे काही गेले नाही, कायद्याने जे होणारच होते तेच लिहून दिले. अनेक वर्षे हा युक्तिवाद निर्णायक वाटत होता.

राणाच्या प्रत्यार्पणाने तो हलला. राणाचे वकील म्हणाले, मुंबईच्या कटातून आमच्या अशिलाची सुटका झाली आहे, तेव्हा त्याच कृत्यांसाठी त्याला भारतात पाठवता येणार नाही. पुरावा म्हणून त्यांनी हेडलीचा करारच पुढे केला. सहाव्या कलमाचा असा व्यापक अर्थ अमेरिकी सरकारनेच तिथे मान्य केला होता ना! १५ ऑगस्ट २०२४ रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हे फेटाळले. कृत्य तेच असले, तरी गुन्ह्याचे कायदेशीर घटक वेगळे असतील तर सहावे कलम आड येत नाही, असे त्याने ठरवले. भारताविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा बनावट दस्तऐवज करणे हे गुन्हे शिकागोतल्या आरोपांहून निराळे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राणाची याचिका ऐकायला नकार दिला आणि एप्रिलमध्ये तो दिल्लीत आला.

या निकालाच्या उजेडात २०१० चा करार पुन्हा वाचला, की दिसते ते असे. हेडलीला दिलेले संरक्षण केवळ त्या गुन्ह्यांपुरते नव्हते, त्यात मोडणाऱ्या कृत्यांनाही ते लागू होते. सहाव्या कलमाचा अर्थ नवव्या सर्किटने लावला तसा असेल, तर शिकागोच्या वकिलांनी प्रत्यार्पण कराराने भाग पाडले असते त्याहून अधिक देऊन टाकले. २०१० मध्ये हा अर्थ निश्चित झालेला नव्हता, हे त्यांच्या बाजूने मान्य करायला हवे. आणि एवढे संरक्षण मिळाल्याशिवाय हेडलीने सही केली असती का, हेही सांगता येत नाही. तरीही जे दिले गेले त्यात भारताच्या न्यायालयांचा हक्क होता, आणि त्या हक्काच्या धन्याची सही त्या कागदावर नव्हती. आपल्या प्ली बार्गेनिंगच्या तरतुदीत, मर्यादित गुन्ह्यांपुरती का होईना, पीडिताला समझोत्याच्या बैठकीत बसण्याचा हक्क आहे. अमेरिकेतही २००४ च्या कायद्याने पीडितांना सरकारी वकिलाशी बोलण्याचा आणि न्यायालयात म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. पण हेडलीवरचे खुनाचे सहा आरोप सहा अमेरिकी नागरिकांच्या मृत्यूचे होते. बाकीचे दीडशेहून अधिक मृत कटाच्या व्यापक आरोपांत सामावले गेले, आणि सीएसटीच्या फलाटावर ज्यांची माणसे पडली त्यांना शिकागोतल्या चर्चेत व्यवहारात काहीच जागा नव्हती. वृत्तपत्रांच्या टीकेतला हा भाग मला आजही पूर्णपणे ग्राह्य वाटतो.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. अमेरिकी यंत्रणांनी इशारे का दुर्लक्षिले, याचे उत्तर फौजदारी खटल्यात मिळाले असते असे मानणे भाबडेपणाचे आहे. हेडलीने आरोप नाकारले असते तरी न्यायालयापुढचा प्रश्न त्याने काय केले हाच राहिला असता, डीईएने काय केले हा नव्हे. त्यासाठी संसदीय किंवा स्वतंत्र चौकशी लागते. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी २०१० मध्ये एक आढावा घेतला आणि मिळालेले इशारे हल्ला रोखण्याइतके नेमके नव्हते, असा निष्कर्ष काढला. तो आढावा यंत्रणेने यंत्रणेचाच घेतलेला होता. तेवढ्याने संशय फिटला नाही, आणि पत्रकारांनी तो जागता ठेवला हे त्यांनी चांगलेच केले.

मुंबईतली साक्ष आणि उरलेले प्रश्न

१० डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने हेडलीला माफीचा साक्षीदार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याच्या खटल्यात न्यायाधीश जी. ए. सानप यांच्यापुढे त्याने अमेरिकेतून साक्ष दिली आणि मार्चमध्ये उलटतपासणी झाली. शिकागोतून सुटलेल्याला मुंबईनेही माफ केले, अशी टीका झाली. पण या माफीने त्याच्या शिक्षेतला एक दिवसही कमी झाला नाही. त्याला इथे आणता येत नव्हते आणि माफीशिवाय तो बोलण्यास बांधलेला नव्हता. जी गोष्ट हाती नव्हती ती सोडून जी मिळू शकत होती ती निकम यांनी मिळवली, असेच याचे वर्णन करावे लागेल. लष्करचे साजिद मीर, लख्वी, हाफिज सईद आणि आयएसआयचे मेजर यांची नावे भारतीय न्यायालयात शपथेवर नोंदली गेली. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००८ मधले फसलेले दोन प्रयत्नही नोंदले गेले. गुजरात पोलिसांच्या चकमकीत मारल्या गेलेल्या इशरत जहाँविषयीचे त्याचे ऐकीव बोलणे वृत्तपत्रांनी आणि पक्षांनी उचलून धरले आणि मुख्य साक्ष बाजूला पडली, हे दुर्दैव.

टेहळणीचा इतिहासही या कबुलीने पालटला. मुंबई पोलिसांच्या मूळ मांडणीत हल्ल्याच्या जागांचे नकाशे दोन भारतीय आरोपींनी पुरवले होते. ३ मे २०१० रोजी त्या दोघांची निर्दोष सुटका झाली ती नकाशाचा पुरावा न्यायालयाला विश्वसनीय वाटला नाही म्हणून, हेडलीमुळे नव्हे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम ठेवली. पण टेहळणी खरोखर कोणी केली याचा तपशीलवार वृत्तान्त हेडलीच्याच तोंडून आला. कराराच्या हिशेबात ही बाब क्वचितच धरली जाते. ती धरायला हवी.

आता या करारातून भारताला आणखी काय मिळणार, हे राणाच्या दिल्लीतल्या खटल्यावर अवलंबून आहे. शिकागोच्या ज्युरीने मुंबईच्या कटाबाबत जे मान्य केले नाही, ते दिल्लीत सिद्ध करायचे तर हेडलीची साक्ष लागेल. त्याहून अधिक लागतील ते तिला स्वतंत्र पुष्टी देणारे व्हिसाचे कागद, दूरध्वनीच्या नोंदी, ताडदेवच्या कार्यालयाचे व्यवहार. साक्ष देण्याचे बंधन करारामुळे आजही त्याच्यावर आहे, पण ते अमेरिकी सरकारच्या मार्फत चालते. भारतीय न्यायालय त्याला थेट बोलावू शकत नाही. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या डिसेंबर २०११ च्या आरोपपत्रात आरोपी असलेल्या हेडलीला दिल्लीचे न्यायालयही माफी देऊन साक्षीदार करील की त्याच्या अनुपस्थितीत निराळा मार्ग काढील, हे ठरायचे आहे. दोन देशांच्या नागरिकांचे बळी गेलेल्या गुन्ह्यात एका देशाने आरोपीशी समझोता करण्यापूर्वी दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी तरतूद प्रत्यार्पण करारात आजही नाही. ती घालण्यासाठी दिल्लीला वॉशिंग्टनकडे मागणी करावी लागेल, आणि अशाच एखाद्या प्रसंगी तेच बंधन आपणही पाळायला तयार आहोत का, हेही आधी ठरवावे लागेल.